एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

“सव्वीस,” अरविंदराव म्हणाले, आणि खात्री करून घ्यायला तो जुना स्टड त्यांनी पुन्हा खिडकीच्या उजेडाला धरला. एका हातात तो दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा, दुसऱ्या हातात पिच गेज, म्हणजे आट्यांवर बसवून बघायची पोलादी कंगवी. “इंचाला सव्वीस आटे. सायकलला असतात तसले. आक्का, बघा बरं, सव्वीसच ना?”

मी लेथवर होते. मला मान वळवायचीही गरज नव्हती. ते आटे सव्वीसचे नव्हते. ते इंचातलेच नव्हते. एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर बरोबर एक मिलिमीटर होतं, आणि हे मला वयाच्या अकराव्या वर्षापासून ठाऊक होतं. सव्वीसची कंगवी त्यावर जवळजवळ बसते. नीट बघितलं तर शेवटच्या दोन दातांपाशी केसाएवढी फट दिसते. ती बघायला आधी शंका यावी लागते, आणि अरविंदरावांना शंका यायचं काही कारण नव्हतं. गाडी विलायती, तिचा नटनट विलायती पान्यानं सुटलेला. आतले आटे इंचातले नसतील असं कुणाच्या मनात येईल?

मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, “गेज काय खोटं बोलतंय व्हय?”

एवढंच म्हणाले. खोटं बोलले नाही, नुसतं विचारलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. अरविंदराव हसले, “तेही खरंच,” म्हणाले आणि चहाला आत गेले. मी लेथ बंद केला, भिंतीवरच्या खिळ्यावरून लेथचं एक दातेरी चाक काढलं, पदराखाली धरून घरात नेलं आणि ट्रंकेत आईच्या शालूखाली ठेवून दिलं. त्या चाकावर पंचनं ठोकलेली दोन अक्षरं होती, ‘एमजी’. ती बघून अरविंदरावांनी मला नक्की काहीतरी विचारलं असतं.

एकोणऐंशी सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, मागं दोन खोल्यांचं घर. माझ्या वडिलांना, ज्ञानदेव मेस्त्रींना, सगळं उद्यमनगर आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. आई लवकर गेली. धाकटी लीला लग्न होऊन पुण्याला गेली. मी एकतीस वर्षांची, बिनलग्नाची. माझं लग्न का झालं नाही याची लोकांकडं चार कारणं होती. माझ्याकडं एकच होतं. लेथ सोडून जावंसं वाटेल असं स्थळ आलंच नाही.

अरविंदराव म्हणजे लीलाचे यजमान. सांगलीहून डिप्लोमा केलेले. पुण्यात ज्या कारखान्यात होते तिथं टाळेबंदी झाली, म्हणून दोघं चार दिवसांसाठी आमच्याकडं आली. त्या चार दिवसांचे पाच महिने झाले होते. माणूस शांत, कामाला वाघ, मला ‘आक्का’ म्हणून हाक मारणारा, जेवल्यावर ताट स्वतः उचलणारा. मला राग यावा असं त्यांनी काही केलेलं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. शिव्या द्यायला एखादी खोड तरी असावी की नाही माणसाला.

आमच्याकडं बायकाही ‘मी येतो, मी करतो’ म्हणतात. पुण्याला गेल्यापासून लीला ‘मी येते, मी करते’ म्हणायला लागली होती. एकदा मी “थांबा, आटे मी पाडतो” म्हणाले तेव्हा अरविंदराव गमतीनं म्हणाले, “आक्का पाडतो का आक्का पाडते?” सगळे हसले. आबाही हसले. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही, पण आबांचं हसणं मी त्या दिवशी रात्रीच्या भाकरीबरोबर गिळलं.

मूळ प्रश्न गाडीचा होता. अठ्ठेचाळीस सालची एमजी टीसी. हेरवाडकर सरकारांच्या गोठ्यात कडब्याखाली वीस वर्षं पडलेली. सरकारांच्या नातवाला ती मुंबईला जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यायची होती, म्हणून दिवाळीच्या आधी ट्रकमध्ये घालून ती आमच्या दारात आली. तिला बघायला निम्मं उद्यमनगर लोटलं. लांबच लांब नाक, आत इंजिन मात्र एवढंसं. माणसांची जागा पार मागं, मागच्या चाकांना टेकून. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, दार कोपर बाहेर काढता यावं म्हणून खोलगट कापलेलं. तारांची उंच चाकं. पत्र्याच्या आत सगळा लाकडी सांगाडा. आणि सीटा दोनच. तिसऱ्या माणसाचा विचारच त्या गाडीनं केलेला नाही.

आबांनी ही गाडी नवी असताना बघितली होती. चोवीस वर्षांचे होते ते, थोरल्या सरकारांच्या गॅरेजमध्ये नोकरीला. मुंबईहून खोक्यातून आलेली गाडी त्यांनी स्वतःच्या हातानं मोकळी केली. नंतर सात वर्षं रोज पुसली. नोकरानं आत बसायचं नाही असा नियम होता, त्यामुळं ते सात वर्षांत एकदाही बसले नाहीत. गाडी गॅरेजबाहेर काढायची तरी ढकलून काढायची.

एकोणसाठ साली त्या गाडीचा एक स्टड मोडला. तेव्हा आबांचं स्वतःचं वर्कशॉप होतं. गाडी आमच्याकडं आली आणि आबांना तिचं गुपित कळलं. त्या इंजिनाचा मूळपुरुष एका फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात, फ्रेंच मशीनवर तयार झालेला. म्हणून आटे सगळे मिलिमीटरचे. पण इंग्लंडातल्या मेस्त्र्यांच्या पेटीत पाने इंचाचे, त्यांनी नवे पाने कुठून आणायचे? म्हणून बोल्टांची डोकी तेवढी इंचाच्या मापाची ठेवली. आबा हसून सांगायचे, “वरनं साहेब हाय, आतनं फ्रेंच.” पुढचा मेस्त्री फसायला याहून चांगला सापळा नाही.

आमचा लेथ इंचाचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मधे एकशे सत्तावीस दात्यांचं चाक घालावं लागतं, कारण पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. आणि एकशे सत्तावीस हा असला आकडा की त्याला कशानंच भाग जात नाही. चाकाचे सारखे भाग पाडायचं जे साधन आमच्याकडं होतं त्याला तो जमेना. मग आबांनी कागदाची लांब पट्टी घेतली, मला तिच्यावर सारख्या अंतरानं एकशे सत्तावीस खुणा करायला लावल्या, आणि पट्टी लाकडाच्या थाळीभोवती चिकटवली. एकेक खूण काट्यासमोर आणायची, चाक घट्ट करायचं, एक दात कापायचा. खुणा सरकवायचं काम माझं. महिनाभर दर रविवारी आम्ही तेच केलं. शेवटी मोजले तर एकशे सव्वीस भरले. मी पट्टीवर एक आकडा गाळला होता. मी रडायला लागले तर आबांनी दुसरी पट्टी माझ्याच हातात दिली. ते फुकट गेलेलं पहिलं चाक अजून आमच्या घरात गरम पातेलं ठेवायला वापरतात.

दुसऱ्या चाकावर त्यांनी ‘एमजी’ ठोकलं, स्टड केला, बसवला. गाडी परत जाताना त्या दोन सीटांकडं बघत मला म्हणाले, “कवातरी ही पुरी माझ्या हाताखाली ईल. तवा तू चालवायची आन् मी शेजारी बसायचं. पन्हाळ्यापतोर.” मी अकरा वर्षांची होते. मोठी झाल्यावर शेजारच्या तिकोटीकरांच्या टेम्पोवर मी ड्रायव्हिंग शिकले ते तेवढ्यासाठीच.

तर अशी ती गाडी. दिवाळीपासून आम्ही तिघं तिच्यावर खपत होतो. मी सांगाड्यात सागाचे नवे खांब घातले, बोल्ट आवळून आवळून सगळं एकजीव केलं. दार काही लागेना. अरविंदरावांनी दोन दिवस नुसतं बघितलं आणि मग हळूच म्हणाले, आक्का, ही गाडी रस्त्यावर पिळते, तिची चासीच तशी आहे. लाकूड म्हणूनच ठेवलंय, तेही बरोबर हलायला पाहिजे. त्यांनी माझे बोल्ट थोडे सैल केले, मधे नमद्याच्या चकत्या घातल्या. दार एका बोटानं बंद झालं.

आबांनी दार चार वेळा उघडून लावलं. “हात बघ ह्येंचा,” मला म्हणाले. “लाकडाचं मन कळतंय.”

वीस वर्षांत माझ्या हाताला त्यांनी कधी वाईट म्हटलं नव्हतं. चांगलंही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की आबांना चांगलं म्हणता येतं. असूया म्हणतात ती मी तोवर दुसऱ्यांच्या घरातली बघितली होती, नळावर, लग्नात. आता ती माझ्या अंगात राहायला आली आणि तिला जायची घाई नव्हती.

पुढं आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. दहा दिवस राहायचं होतं. निघताना त्यांनी दोघांना समोर उभं केलं. अरविंदरावांना म्हणाले, इंजिनाचं काही अडलं तर कुमुदला विचारा, तिला सगळं ठाऊक आहे. मला म्हणाले, जे ठाऊक आहे ते सांग. मग रिक्षात बसता बसता, दुकान बंद करायची आठवण करावी तितक्या सहज म्हणाले, “आलो की जावईबापू मला पन्हाळ्याला फिरवून आणतील.”

रिक्षा गेली. मी दारात उभी राहिले. वीस वर्षं जपलेला शब्द त्यांनी जावयाला देऊन टाकला होता आणि त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

त्यानंतर आठव्या दिवशी, सोमवारी, अरविंदराव म्हणाले, “सव्वीस.”

मंगळवारी त्यांनी माझ्याच लेथवर इंचाची चाकं लावून मॅनिफोल्डचे, म्हणजे धुराच्या नळ्या इंजिनाला धरून ठेवणारे, स्टड केले. काम देखणं होतं. आटे आरशासारखे चमकत होते. दुपारी पहिला स्टड त्यांनी हेडमध्ये, इंजिनाच्या वरच्या बिडाच्या ठोकळ्यात, बोटांनी फिरवला. तीन फेरे लोण्यात गेल्यासारखे गेले. चौथ्याला तो अडला. अरविंदराव म्हणाले, जुनं बीड आहे, आत गंज असेल. त्यांनी तेल सोडलं, पाना लावला. मी समोरच कानस चालवत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा. जोर यावा म्हणून त्यांनी पान्यावर पाइप चढवला. माझी कानस चालूच होती, आणि मी काय घासतेय ते मला दिसत नव्हतं.

कट्‌ असा आवाज झाला. स्टड मोडला. काढायला गेले तर भोकातले आटे चुरा होऊन बाहेर आले आणि कडेला केसाएवढी चीर दिसली. असलं दुसरं हेड कोल्हापुरात नव्हतं, मुंबईतही मिळालं नसतं. शनिवारी दुपारी चारला सरकारांचा ड्रायव्हर गाडी न्यायला येणार होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं मोकळं वाटलं. ते फार तर चहा निवेपर्यंत टिकलं. अरविंदराव फरशीवर बसून स्वतःचे दोन्ही तळवे बघत होते. लीला दारात आली, तिनं नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. संध्याकाळी बॅग भरल्याचे आवाज आले. आबा आले की त्यांना सांगून आपण जाऊ, असं अरविंदराव तिला समजावत होते. इथं राहून त्यांच्या नावाला बट्टा लावायला नको, म्हणत होते.

बुधवारी सकाळी आबा आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं जेमतेम दिसणारे. अरविंदरावांनी त्यांना हाताला धरून हेडपाशी नेलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. आबांनी भोकात करंगळीचं नख फिरवलं.

“मिलिमीटर,” ते म्हणाले. “ह्या गाडीचं समदं मिलिमीटर. कुमुदनं सांगितलं न्हाई?”

अरविंदराव माझ्या आधी बोलले.

“आक्कांना मी विचारलंच नाही, आबा. मला वाटलं, मला कळतंय.”

आबा भिंतीला हात लावून चालायला लागले. लेथच्या वर चाकं ओळीनं टांगलेली असायची. एकेक चाक चाचपत ते पुढं सरकले आणि मोकळ्या खिळ्यापाशी येऊन त्यांची बोटं थांबली. त्यांनी तो खिळा अंगठ्यानं दाबून बघितला, सैल होऊन चाक पडलं तर नाही ना, असं. अरविंदरावांना म्हणाले, तुम्ही जरा तिकोटीकरांकडून भोक मोठं करायचा बारका रीमर घेऊन या. ते बाहेर पडल्यावर मला म्हणाले, “चाक?”

“तेल लावायला काढलं हुतं,” मी म्हणाले.

“होय?” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “तवा तू मोजायला चुकली हुतीस. ह्या टायमाला चुकली न्हाईस.”

मी ट्रंकेतून चाक आणलं. आबा त्यावर काही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त काम सांगितलं. भोक मोठं करायचं, त्यात बाहेरून-आतून आटे पाडलेलं पोलादी बुश बसवायचं, म्हणजे चिरेवर ताण येत नाही आणि नवे आटे मिळतात. बुश मी केलं, एकशे सत्तावीसचं चाक लावून. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. अरविंदरावांनी ते बसवलं. नवे स्टडही मीच केले. गुरुवारी ते बोटांनी तळापर्यंत गेले.

शुक्रवारी इंजिन चालू झालं. अरविंदरावांनी रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आधी एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरलं, मग दुसऱ्याच्या. दोन्हींची फूस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहिले. आबा डोळा मिटून ऐकत होते. तो आवाज जमला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझा मत्सर पुन्हा उठून बसला. एवढं करूनही तो गेला नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे.

शनिवारी सकाळी आबांनी पांढरा सदरा घातला, वर काळा कोट, काळी टोपी. चपला स्वतः पुसल्या. तीस वर्षांनी ते त्या गाडीत बसणार होते. गाडीला हळदकुंकू लावून झालं आणि ते म्हणाले, “आधी तुमी दोघं जाऊन या. घाट कसा चढतीय बघा. मग मी बसतो.”

अरविंदराव चालवायला बसले, मी शेजारी. त्या गाडीत दोन माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो, सरकायला जागा नाही. पंचगंगेचा पूल ओलांडला, केर्ल्याच्या पुढं गुऱ्हाळांचा वास आला. वाघबिळाच्या वळणावर अरविंदरावांनी गिअर उतरवला आणि गाडी बिनतक्रार चढली. ते मधूनमधून माझ्याकडं बघून हसत होते. आक्का, तुमच्या बुशामुळं हे, असं दोनदा म्हणाले. मी रस्त्याकडं बघत होते. सांगायला तोंड उघडलं की वारा तोंडात जायचा, आणि मी तेवढंच निमित्त करून गप्प बसायची.

परत आलो तेव्हा दीड वाजत आला होता. आबा दारात स्टुलावर बसले होते, टोपी नीट करून, दोन्ही हात गुडघ्यांवर. अरविंदराव पाणी प्यायला आत गेले. मी उतरले. आबांनी मला जवळ बोलावलं.

“सांगितलंस?”

मी मान हलवली. त्यांना दिसली नसेल म्हणून म्हणाले, “न्हाई.”

आबांनी टोपी काढली आणि व्हाइसच्या दांड्यावर ठेवली.

“मग आणि एक चक्कर मारून या. ह्या बारीला तू चालव.”

मी म्हणाले, आबा, चारला ड्रायव्हर येतोय, आता वेळ एकाच फेरीला आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे. मी म्हणाले, तुम्ही बसा, मी त्यांना घरात सांगतो, आत्ता सांगतो, तुमच्या देखत सांगतो. ते म्हणाले, “घरात सोमवारपासनं हुता की तुमी दोघं.”

वीस वर्षं ज्या सीटची वाट बघितली तिच्यात मी बसले. पेडल, स्टिअरिंग, समोर ते लांब नाक. कशातही माझं लक्ष नव्हतं. अरविंदराव शेजारी बसून म्हणाले, आबा का नाही आले? मी म्हणाले, येतील. वाघबिळाच्या अलीकडं मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“ते आटे मिलिमीटरचे हायत हे मला ठाऊक हुतं,” मी म्हणाले. “तुमी विचारलं तवाच. चाक मीच लपवलं. पाइप चढवला तवा पण मी बघत हुतो.”

अरविंदराव समोरच्या चढाकडं बघत राहिले. एक उसाची बैलगाडी आमच्या शेजारून गेली. गाडीवानानं वाकून गाडी बघितली.

“मला वाटलं, तुम्हालाही माहीत नसेल,” मग ते म्हणाले. “म्हणून आबांना म्हटलं, विचारलंच नाही. तुमची चूक कशाला दाखवायची.”

मला वाटलं, आता ते उतरून चालत जातील. जायला हवं होतं. त्यांनी विचारलं, का? मी सांगितलं. पन्हाळ्याचा शब्द, एकोणसाठ साल, दोन सीटा, आणि जाताना आबा काय म्हणाले ते. बोलताना मला ते इतकं पोरकट वाटायला लागलं की शेवटची वाक्यं मी स्टिअरिंगला सांगितली.

“रविवारी मी मिरजेला डबा घेऊन गेलो होतो,” अरविंदराव म्हणाले. “तेव्हा आबा म्हणाले, मी बोलून गेलो, पण पन्हाळ्याचा शब्द कुमुदला दिलाय. गाडी तीच चालवणार. तुम्हाला वाईट वाटणार नाही ना? मी म्हटलं, वाईट कसलं. ते म्हणाले, तिला सांगू नका, माझं मी सांगतो.”

रविवार. मी चाक लपवलं तो सोमवार. ती सीट आदल्या दिवशीच माझी झाली होती, आणि मी तिच्यासाठी चोरी केली होती.

मी रडले. अरविंदरावांनी मला समजावलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “चला, आबा थांबलेत.” मी गाडी वळवली आणि जितकी पळवता येईल तितकी पळवली. केर्ल्याच्या पुढं उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांच्यामागं किती वेळ गेला ते मी मोजत होते.

दारात आलो तेव्हा सरकारांचा ड्रायव्हर येऊन उभा होता, हातात घड्याळ. आबा स्टुलावरून उठले. कोट अजून अंगातच होता. त्यांनी चाचपत दाराचा तो खोलगट कापलेला काठ शोधला आणि त्यावर हात ठेवला, कोपर ठेवायचं असतं तिथं. ड्रायव्हर चांगला माणूस होता. म्हणाला, “आबा, बसा की, कोपऱ्यापतोर नेऊन सोडतो.” आबा म्हणाले, नको, तुला लांब जायचंय, उजेड आहे तोवर कराड गाठ.

गाडी गेली. आवाज पार ऐकू येईनासा होईपर्यंत आबा रस्त्यातच उभे होते. “दोनी कार्बुरेटर एका सुरात हायत,” अरविंदरावांना म्हणाले.

अरविंदराव गेले नाहीत, बॅग लीलानं उपसली. पुढं त्यांनी आणि मी ते वर्कशॉप सव्वीस वर्षं चालवलं. हा सव्वीसचा आकडा काही मी जुळवलेला नाही. त्या मंगळवाराबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण दुसऱ्याच्या स्टडवर कंगवी लावली की आधी माझ्याकडं बघायचे, आणि तेवढं मला शेवटपर्यंत पुरलं. गाडी मुंबईत कुणाला तरी विकली गेली. आबा त्र्याऐंशी साली गेले. ती त्यांनी पुन्हा बघितली नाही.

त्या संध्याकाळी मात्र गाडी गेल्यावर ते आत आले, व्हाइसवरची टोपी उचलली आणि मला म्हणाले, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“बरं झालं.”

“तुमी बसला न्हाईसा, आबा.”

त्यांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

“सीटा दोनच हायत की गं,” ते म्हणाले, आणि चहा टाकायला सांगून खुर्चीत बसले.